शाळा सुटली की गल्ली चालते

आज कामासाठी दादरच्या हिंदू कॉलनीत गेलो आणि नेमकी शाळा सुटायची वेळ गाठली. आजोबांच्या खांद्यावर दप्तर, नातू चार पावलं पुढे. आया घोळक्याने गप्पा मारत. वाटेत वह्या, पेनाची रिफिल, कोपऱ्यावरचा वडापाव, जमलं तर भाजीसुद्धा. एका शाळेवर किती दुकानांचे गल्ले भरत असतील!

१८९६च्या प्लेगनंतर, १८९८ साली मुंबई सुधारण्यासाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही संस्था आली आणि तिने दादर-माटुंग्याची आखणी केली. छोट्या गल्ल्या, झाडं, बेताच्या उंचीच्या इमारती. (आता टॉवर चढतायत, तो विषय वेगळा.) लोक दाटीने राहतात, त्यामुळे तेवढ्याच लांबीच्या रस्त्याचा, पाइपचा, दिव्याचा खर्च कितीतरी घरं आणि दुकानं मिळून उचलतात.

आमच्या उपनगरात उलटं. नवी शाळा हायवेलगत, कारण तिथे मोठा प्लॉट मिळाला. मग स्कूलबसची फी, गेटवर गाड्यांची रांग, आणि त्या रांगेसाठी पालिकेच्या पैशातून रुंद केलेला रस्ता. आजूबाजूला चहाची टपरीही नाही.

शिक्षण हक्काच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत हवी, असं आहे. चांगलंच आहे. पण त्या एका किलोमीटरमध्ये सहापदरी रस्ता आडवा आला तर सात वर्षांच्या पोराला एकटं कोण सोडेल?

तुमची मुलं शाळेत कशी जातात? चालत जाणारी कुणी उरलीत का?