तानपुऱ्याचा षड्ज आणि मागची भिंत

रविवार, दुपार

स्पीकर खोलीत नीट लागले आहेत का, हे तपासायला माझ्या मते तानपुऱ्याइतकं खरं बोलणारं दुसरं काही नाही. सिनेमातले धडाम-धुडूम आवाज कुठल्याही खोलीत दणदणीत वाटतात. तानपुऱ्यात मात्र एक तार जरी दबली तरी लगेच कळतं.

काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) गाणाऱ्या पुरुष गायकाचा तानपुरा घेऊ. जोडीच्या (मधल्या दोन) तारांचा षड्ज, म्हणजे सा, साधारण 139 हर्ट्झवर असतो आणि खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातला सा, त्याच्या निम्म्यावर, 69 च्या आसपास. आता वूफर (स्पीकरमधला खालचे स्वर वाजवणारा भाग) आणि त्याच्या मागची भिंत यांच्यात 62 सेंटिमीटर अंतर असेल, तर नेमका जोडीचा षड्ज पातळ होतो. खालचे स्वर स्पीकरच्या मागेही पसरतात आणि भिंतीवरून परत येतात. जाऊन-येऊन 124 सेंटिमीटरचा प्रवास होतो, आणि 139 हर्ट्झच्या लहरीची लांबी आहे 248. म्हणजे परतलेली लहर बरोबर अर्ध्या लांबीने मागे पडते आणि थेट आलेल्या लहरीला खोडते. इक्वलायझरवर तो स्वर वाढवूनही भागत नाही, कारण थेट आवाज जेवढा वाढतो तेवढाच भिंतीवरून येणाराही वाढतो. स्पीकर हलवणं हाच उपाय. कुठला स्वर खोडला जाईल याचा हिशेब सोपा आहे: मीटरमधल्या अंतराची चौपट करायची आणि तिने 345 ला (आवाजाच्या सेकंदाला मीटरमधल्या वेगाला) भागायचं. 30 सेंटिमीटरला उत्तर येतं 288 हर्ट्झ, 1 मीटरला 86.

आपल्या दहा बाय बाराच्या खोल्यांत स्पीकर मीटरभर पुढे आणणं बहुधा जमत नाही. मग अर्धवट मध्ये कुठेतरी ठेवण्यापेक्षा वूफर भिंतीपासून 30 ते 35 सेंटिमीटरवर ठेवणं मला जास्त पटतं. तिथे खोडला जाणारा स्वर वर सरकतो, आणि त्या पट्ट्यात स्पीकर मागे कमी आवाज फेकत असल्यामुळे नुकसानही कमी होतं. भिंत जवळ आल्याने डग्ग्याला थोडं जास्त वजन येईल, तेवढं बास कमी करून आटोक्यात आणता येतं. स्पीकरच्या पाठीला हवेचं भोक असेल तर त्यामागे निदान 15 सेंटिमीटर मोकळे हवेत. कोपरा मात्र टाळायचाच. तिथे दोन भिंती आणि जमीन मिळून डग्गा इतका फुगवतात की गायकाचा खालचा आवाज त्याखाली बुडून जातो. मागची भिंत, बाजूची भिंत आणि जमीन ही तिन्ही अंतरंही सारखी नकोत, नाहीतर तिन्ही मिळून एकाच स्वराला खोडतात.

बसायची जागाही तितकीच महत्त्वाची, आणि नेमकी तीच सर्वांत जास्त दुर्लक्षित. सोफा भिंतीला टेकवायची आपल्याकडे रीतच आहे. पण बारा फूट लांबीच्या खोलीत सुमारे 47 हर्ट्झचा स्वर दोन्ही टोकांना घुमतो आणि मध्यावर जवळजवळ गायब होतो, म्हणून कान भिंतीलाही नको आणि बरोबर मध्यावरही नको. सोफ्यामागच्या भिंतीपासून साडेचार फूट ही चांगली सुरुवात. स्पीकर लहान भिंतीपाशी, एकमेकांपासून साडेसहा फुटांवर ठेवले की कानापासून प्रत्येक स्पीकर सव्वासात फुटांच्या आसपास येतो. दोन्हींकडची अंतरं टेपने मोजून अगदी सारखी करायची. दोनेक इंचांच्या फरकानेही आवाज एका बाजूला ओढला जातो.

उंचीचं सांगायचं तर ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग) बसलेल्या माणसाच्या कानाशी, जमिनीपासून साधारण 90 ते 100 सेंटिमीटरवर हवा. टीव्हीच्या युनिटवरच ठेवायचे असतील तर स्पीकरचं तोंड फळीच्या कडेपर्यंत पुढे ओढायचं आणि खाली रबराचे तुकडे द्यायचे. शोकेसच्या बंद खणात कोंबलेला स्पीकर खोक्यातून बोलल्यासारखाच वाजणार.

बाजूच्या भिंतींसाठी आरसा घ्यावा. एकाने तो ट्वीटरच्या उंचीवर भिंतीलगत सरकवत न्यायचा, दुसऱ्याने ऐकायच्या जागी बसून बघायचं. आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथूनच आवाज कानावर परततो. त्या जागी पुस्तकांचं भरलेलं कपाट किंवा जाड गोधडी बरं काम करते. पातळ पडदा फक्त झांजेची धार कमी करतो. चकचकीत फरशी असेल तर स्पीकर आणि सोफा यांच्यामध्ये जाड सतरंजी हवीच, आणि काचेचं टीपॉय ऐकण्यापुरतं बाजूला.

हे सगळं करूनही गायक मधोमध उभा राहत नसेल, बास पोकळ लागत असेल, तर वायरी तपासा. एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे जोडले गेले की असंच होतं. जुनं मोनो (दोन्ही स्पीकरांत एकच आवाज असलेलं) ध्वनिमुद्रण लावलं की लगेच कळतं: आवाज दोन स्पीकरांच्या मधल्या एका बिंदूतून यायला हवा, खोलीभर सांडलेला नको.

स्पीकर आत किती वळवायचे हे शेवटी. आधी सरळ ठेवून ऐकायचं, मग थोडे थोडे आत फिरवायचे. गायक मधोमध घट्ट झाला की थांबायचं. खूप वळवले तर तानपुऱ्याचा पसारा आक्रसतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पाच-पाच सेंटिमीटरने, आणि आधीच्या जागेवर फरशीला चिकटपट्टीची खूण करूनच.