चादरीचा पडदा

आज नववी ‘ब’मध्ये नाटकाचा तास झाला. झाला म्हणजे, गणिताच्या सरांनी तो मागितला नाही म्हणून झाला. 😄

पाठांतराचं नाव काढलं की आमची पोरं गळपटतात. म्हणून यावेळी संहिताच दिली नाही. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हा पात्रांच्या हातात कुठे छापील संवाद होते? सूत्रधार पदं म्हणायचा, कथा पुढे न्यायचा आणि पात्रं आपापलं बोलायची. म्हटलं, आपणही तसंच करू. सांगलीतच तर आहोत!

बाकं मागे सरकवली, खडूने रेघ मारली, दोन मुलांनी सोलापुरी चादर धरली. झाला पडदा.

जनकराजा गळ्यातलं ओळखपत्र काढेना. “मॅडम, नसलं तर दंड आहे.” शेवटी ते अंगरख्यात खोचलं. धनुष्य म्हणजे फळ्यावरची लांब पट्टी. रावणाने ती उचलायला एवढा जोर लावला की खरंच घामाघूम झाला. एरवी वर्गात तोंड न उघडणारं पोरगं ते! पट्टी हलेना तशी जनकाकडे वळून खास आपल्या बोलीत म्हणाला, “हे काय हुईना बगा. माणसं लावा की चार!”

हसून हसून चादर धरणाऱ्यांच्या हातातून पडदाच सुटला. सीता आत डबा खात होती.

पुढचा तास शुक्रवारी. गणिताचे सर आत्ताच विचारून गेलेत.