तनात : एका तुरट द्राक्षाची ओळख

रेड वाइनचा तुरटपणा ज्यांना सोसत नाही, त्यांनी तनात या द्राक्षाच्या वाइनच्या वाटेला जाऊ नये, असे जाणकार सांगतात. माझे मत मात्र उलट आहे. तुरटपणा कुठून येतो, कशाने वाढतो आणि कशाने नमतो, हे समजून घ्यायचे असेल, तर तनातइतके चांगले उदाहरण दुसरे नाही, कारण या द्राक्षाचा सारा इतिहास त्याचा तुरटपणा आवरण्याच्या खटपटींचाच आहे.

तनात मूळचे फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातले. पिरेनीज पर्वताच्या उत्तरेला आदूर नदीच्या खोऱ्यात मादिराँ नावाचे लहानसे गाव आहे आणि त्याच्याच नावाने तेथील रेड वाइनला १९४८ साली अधिकृत भौगोलिक दर्जा मिळाला. या द्राक्षाची साल जाड असते, मण्यातील बियांचे प्रमाणही अधिक असते आणि तुरटपणा आणणारे टॅनिन हे द्रव्य साठते ते नेमके साल व बी या दोनच ठिकाणी. रेड वाइन करताना रस सालींसह आणि बियांसह आंबवला जातो. जसजसे अल्कोहोल वाढते, तसतसे बियांतील टॅनिनही रसात उतरू लागते. अशी वाइन तोंडात घेतली की लाळेतील प्रथिने टॅनिनला चिकटून त्यांचा साका होतो, जिभेवरचा बुळबुळीत थर नाहीसा होतो आणि तोंड कोरडे पडते. कोकणात काजूचे बोंडू खाल्ल्यावर तोंडाला जी ओढ बसते, ती याच जातीची.

मादिराँच्या जुन्या उत्पादकांकडे यावर दोन उपाय होते. एक म्हणजे काबर्ने फ्राँसारखी तुलनेने सौम्य द्राक्षे मिसळणे आणि दुसरा म्हणजे वाट पाहणे, म्हणजे वाइन वर्षानुवर्षे पिंपात आणि नंतर बाटलीत मुरू देणे. तेथील उत्पादक अ‍ॅलें ब्र्युमों यांनी १९८०च्या दशकात शातो माँत्यूस या आपल्या वाइनरीत निव्वळ तनातची वाइन नव्या ओकच्या पिंपांत मुरवून या द्राक्षाला प्रतिष्ठा मिळवून दिली. माझ्या मते त्याहून कल्पक काम त्याच परिसरातील पात्रिक द्युकुर्नो यांचे. पिंपाच्या लाकडातून हवा अगदी सावकाश आत झिरपते आणि त्यामुळे वाइन मऊ होते, हे तर ठाऊकच होते. मग टाकीतल्या वाइनमधूनच प्राणवायूचे सूक्ष्म बुडबुडे मोजूनमापून सोडले तर काय होईल, असा विचार करून त्यांनी १९९०च्या सुमारास तशी पद्धत बसवली. या अल्प प्राणवायूमुळे टॅनिनचे रेणू एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जोडले जातात. वाइनचा रंग टिकतो आणि तिची धार कमी होते. ही पद्धत आता जगभर वापरली जाते. तिने सगळ्या वाइन एकाच साच्यातल्या होतात, अशी तक्रार काही जण करतात आणि स्वस्त वाइनच्या बाबतीत ती मला पटते.

तनातचे दुसरे घर दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे. पास्कुआल आरियाग हे फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या बास्क प्रदेशातून आलेले स्थलांतरित. त्यांनी १८७०च्या दशकात साल्तो येथे या द्राक्षाची लागवड केली आणि पुढे कित्येक वर्षे तेथे द्राक्षालाच ‘आरियाग’ म्हणत. आज ते त्या देशाचे राष्ट्रीय द्राक्ष मानले जाते. बहुतेक द्राक्षबागा दक्षिणेला, मोंतेविदेओ शहराभोवती आणि कानेलोनेस प्रांतात आहेत. हवा दमट, समुद्रावरून येणारी. अशा हवेत पातळ सालीचे घड कुजतात, तनातची जाड साल मात्र तग धरते. तेथील वाइन मादिराँपेक्षा गोलसर, म्हणजे कमी बोचरी, आणि लवकर पिण्याजोगी असते. शिवाय त्या देशात माणसांच्या तिपटीहून अधिक गुरे आहेत, त्यामुळे निखाऱ्यावर भाजलेल्या गोमांसाला साजेशी वाइन तेथे रुजली, यात नवल नाही.

मी या दोन्ही देशांच्या बाटल्या शेजारी शेजारी ठेवून चाखल्या आहेत. मादिराँची वाइन पेल्यात जवळजवळ काळी दिसते, कडेला तेवढी जांभळी छटा, आणि पहिल्या घोटातच हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात. तीच वाइन डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनला हवा लागावी म्हणून वापरतात त्या काचपात्रात, दोन तास ठेवल्यावर काळ्या मनुका, तंबाखू आणि किंचित कोकोचा वास पुढे येतो. उरुग्वेच्या वाइनला इतकी आर्जवे करावी लागली नाहीत, पण लक्षात राहिली ती पहिलीच.

आरोग्याच्या कारणाने तनातचा गवगवा झाला आहे. रॉजर कॉर्डर या संशोधकाने २००६ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात नैर्ऋत्य फ्रान्सच्या वाइनमध्ये प्रोसायनिडिन नावाची, रक्तवाहिन्यांना हितकर मानली जाणारी टॅनिनच्याच कुळातली द्रव्ये अधिक असल्याचे मांडले होते. तेवढ्यावरून वाइनला औषध समजणे मला मान्य नाही.

पिताना तापमान सांभाळावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ‘रूम टेंपरेचर’ला ठेवलेली वाइन अल्कोहोलचाच भपकारा देते, म्हणून फ्रिजमध्ये ठेवून ती सोळा ते अठरा अंशांवर आणावी. सोबत मादिराँकडे बदकाचे चरबीत शिजवलेले मांस असते, कारण टॅनिनला बांधायला प्रथिने आणि स्निग्धता लागते. आपल्या जेवणात अडचण तिखटाची आहे. तांबड्या रश्शासोबत मिरचीचा जाळ आणि टॅनिनची ओढ एकमेकांना चेतवतात, तर कमी तिखटाच्या, चरबीदार मटणासोबत किंवा मुरलेल्या चेडर चीजसोबत हीच वाइन सहज घशाखाली उतरते.