पावसाळ्यातला कॅरम

आमच्या मालवणच्या वाडीत मंडळाची एक खोली होती. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं आणि मधोमध कॅरम. त्यावर शंभराचा बल्ब इतका खाली सोडलेला, की मोठी माणसं वाकली की केसांना चटका बसे.

एरवी तिथे आम्ही पोरंच. पण मासेमारी बंद होऊन होड्या झापांखाली गेल्या की खोली बापयांनी भरायची. आता ही बंदी १ जून ते ३१ जुलै असते. आम्ही मात्र दिवस मोजायचो ते नारळी पौर्णिमेपर्यंत. मंडळाची वार्षिक कॅरम स्पर्धाही तेव्हाच. आषाढात सुरू आणि पौर्णिमेच्या आदल्या रात्री फायनल.

पावसात बोर्ड चालत नाही. लाकूड ओल धरतं, पावडरीच्या गुठळ्या होतात, स्ट्रायकर मध्येच अडतो. म्हणून वाडीतले एक आजोबा दुपारपासूनच बल्ब लावून बोर्ड तापत ठेवायचे. मग सुती फडक्याने पुसायचे आणि बोरिक पावडरीची मलमलची पुरचुंडी वरून नुसती झटकायचे. कुणी मूठभर पावडर टाकली तर लगेच, "अरे, भाकरी थापूची आसा काय?" दारातल्या टॉवेलला हात पुसल्याशिवाय कुणालाच आत प्रवेश नव्हता, शाळेच्या मास्तरांनाही नाही.

गेम २५ गुणांचा किंवा ८ बोर्डांचा, म्हणजे डावांचा. गुण २२ झाले की पुढे राणीचे ३ गुण मिळत नाहीत. यावरून दरवर्षी वाद व्हायचा आणि दरवर्षी तोच!

बाबा खलाशी. आम्ही उठायच्या आत दर्यावर गेलेले असायचे. सलग तासभर माझ्याबरोबर बसलेले बाबा आठवतात, ते त्याच खोलीत. माझ्या दहावीच्या वर्षी आम्ही डबल्सला भिडू झालो. भिडू समोरासमोर बसतात, त्यामुळे बाबांचा चेहरा इतका वेळ मी पहिल्यांदाच बघितला असेन. जाळ्याच्या दोऱ्यांनी चिरलेली जाड बोटं. पण कट मारताना ती स्ट्रायकरला जेमतेम शिवायची. सोंगटी काठाकाठाने सरकत भोकाशी जायची, क्षणभर थांबायची आणि पडायची.

सेमीफायनलच्या शेवटच्या बोर्डात मी राणी घेतली आणि कव्हर, म्हणजे तिच्यामागोमाग घालायची आपली सोंगटी, चुकवलं. राणी परत मध्ये ठेवली गेली. मी मान वर करेना. समोरून बाबा हळूच म्हणाले, "हात पूस, बाबू." एवढंच. आम्ही हरलो.

पौर्णिमेला दर्याला नारळ दिला. होडी पाण्यात लोटायच्या आदल्या रात्री बाबा मला खोलीवर घेऊन गेले. दोघंच होतो. एकच बोर्ड खेळलो. राणी मी घेतली, कव्हरही केली. बाबांनी सोंगट्या डब्यात भरल्या, बल्ब मालवला. अंधारात मी बोर्डावर हात ठेवला, तो अजून कोमट होता.