तिथीची पाऊणपट

सोमवार, अष्टमी. रात्र.

आज आमच्या विद्यापीठात आंतरविद्याशाखीय कला-अभ्यासक्रम सुरू झाला. दीपप्रज्वलन आणि भाषणे रीतसर पार पडली. मनात राहिला आहे तो मात्र तबला शिकणाऱ्या विद्यार्थ्याने सभागृहात ठेवलेला बांबू.

ऑक्टोबर 1966 मध्ये न्यूयॉर्कमध्ये दहा कलावंतांनी सुमारे तीस अभियंत्यांबरोबर काम करून नऊ संध्याकाळी आपले प्रयोग सादर केले होते. प्रस्ताव लिहिताना मी त्याचा दाखला मोठ्या विश्वासाने दिला होता. विद्याशाखा एकत्र बसवल्या की काम आपोआप जुळून येईल, असेही मला तेव्हा वाटत होते. तसे होत नाही, हे तीन महिन्यांपूर्वी ठाण्याच्या खाडीने शिकवले.

बेलापूरजवळच्या दिवाळे गावी आम्ही चाचणी म्हणून गेलो, तो अष्टमीचा बुधवार होता. दुपारी बाराला चिखल उघडा होता, निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) उड्या मारत होत्या आणि जीवशास्त्राच्या मुलींना हवे ते सारे समोर होते. पुढच्या बुधवारी त्याच वेळी गेलो, तर पौर्णिमेच्या उधाणाचे पाणी कांदळवनाच्या फांद्यांपर्यंत चढले होते. जेटीवर जाळे शिवत बसलेल्या एका कोळी काकांना मी कारण विचारले. "मॅडम, तिथीची पाऊणपट करा," एवढेच ते म्हणाले आणि पुन्हा सुतळी ओढू लागले.

गणिताच्या विद्यार्थिनीने तिथेच वहीत आकडे मांडले: तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाला आणि बाराला ओहोटी. पौर्णिमेच्या पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे बाराच्या सुमारास भरती. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे सात दिवसांत जवळजवळ सहा तासांचा फरक पडतो आणि एका आठवड्याची ओहोटी दुसऱ्या आठवड्याची भरती होते. ज्या साप्ताहिक वेळापत्रकावर आमचे सगळे विभाग वर्षानुवर्षे चालत आले आहेत, ते खाडीपाशी नेमके उलटे पडत होते. त्या दिवसापासून अभ्यासक्रमाचे तास पंचांगाप्रमाणे ठरू लागले. त्यासाठी पाच विभागप्रमुखांची संमती मिळवताना माझी जी दमछाक झाली, ती प्रस्ताव लिहितानाही झाली नव्हती. पण खरे सहकार्य मला तिथेच सुरू झालेले दिसले, कारण प्रत्येकाला आपला ठरलेला तास सोडावा लागला.

गुणांचा प्रश्न त्याहून अवघड होता. दोन श्रेयांकांचे प्रात्यक्षिक म्हणजे 60 तास. पण चौघांनी मिळून केलेल्या कामात कोणाचा वाटा किती, हे कसे मोजायचे? परीक्षा विभागाला प्रत्येकाचे स्वतंत्र गुण हवे होते. अखेर गटाला एकच गुण आणि प्रत्येकाच्या रोजनिशीला वेगळे गुण, तेही दुसऱ्या विभागाच्या शिक्षकाने द्यायचे, असे ठरले. हा तोडगा मला पूर्ण पटलेला नाही. मे महिन्यात पुन्हा विचार करावा लागेल.

आता त्या बांबूविषयी. चित्रकलेच्या मुलीने तो चिखलात रोवून दर पाव तासाला पाण्याच्या पातळीवर गेरूची रेघ ओढली होती. खालच्या रेघा दाट होत्या, मधल्या लांब लांब होत्या आणि वर पुन्हा दाट, कारण पाणी आरंभी संथ चढते, मध्ये वेगाने आणि शेवटी पुन्हा संथ. आज सभागृहात तबल्याच्या मुलाने तो बांबू आडवा मांडीवर घेतला, रेघांवरून बोट फिरवले आणि त्या चालीने विलंबितातून द्रुतात जाऊन परत विलंबितात आला. जीवशास्त्राच्या प्राध्यापिका, ज्या दोन महिने या उपक्रमाबद्दल साशंक होत्या, उठून जवळ आल्या आणि मधली एक रेघ चुकीच्या जागी आहे का, ते वाकून पाहू लागल्या. रेघ बरोबर होती.

परवा दशमी आहे. भरती साडेसातला, म्हणून ओहोटी दीडच्या सुमारास. बाराच्या आत डबे खाऊन फाटकापाशी जमावे, असे सर्वांना कळवले आहे.