किडनी ताईची, गोळ्या माझ्या

प्रत्यारोपणाची तयारी सुरू झाली तेव्हा कोणाकोणाला भेटायचं याची यादी को-ऑर्डिनेटरने हातात दिली. नेफ्रॉलॉजिस्ट म्हणजे किडनीचे डॉक्टर, सर्जन, भूलतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, समुपदेशक आणि सगळ्यात शेवटी ट्रान्सप्लांट फार्मासिस्ट. शेवटचं नाव वाचून वाटलं, औषधं कुठून घ्यायची ते सांगायला कुणीतरी असेल. शस्त्रक्रियेबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून ती मी इथेच उरकतो: ताईने किडनी दिली, ती टेबलावरच चालू झाली आणि आम्ही दोघंही सुखरूप घरी आलो. मला लिहायचंय ते गोळ्यांबद्दल, आणि त्या गोळ्यांचा हिशेब ठेवणाऱ्या फार्मासिस्ट मॅडमबद्दल.

पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "काका, नावं सांगू नका. घरात जी काही औषधं असतील ती सगळी पिशवीत घालून आणा." पिशवीतून बरंच काही निघालं. बीपीच्या गोळ्या, गाऊटसाठीचं ॲलोप्युरिनॉल, ॲसिडिटीचं पातळ औषध, गुडघा दुखला की घ्यायची आयब्युप्रोफेन आणि कुणीतरी दिलेलं एक वनस्पतींचं चूर्ण. आयब्युप्रोफेन आणि चूर्ण तिथेच बाजूला निघालं. आयब्युप्रोफेनच्या जातीच्या वेदनाशामकांनी किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो, आणि चूर्णात नेमकं काय आहे हे कुणालाच सांगता येत नव्हतं. ॲसिडिटीच्या औषधात मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम होतं. त्यांच्यासोबत घेतलं तर मायकोफिनोलेट, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून द्यायचं एक औषध, आतड्यातून नीट शोषलं जात नाही, म्हणून तेही बदललं.

ॲलोप्युरिनॉलवर मात्र त्या थांबल्या. "तुम्हाला मायकोफिनोलेट द्यायचं ठरलंय, त्याच्याबरोबर हे चालेल. पण पुढे कधी त्याच्या जागी ॲझाथायोप्रिन लिहिलं गेलं, तर गोळी तोंडात टाकण्याआधी मला फोन करा." ही दोन औषधं एकत्र आली तर ॲझाथायोप्रिनचा शरीरात निचरा होत नाही, अस्थिमज्जा दबते आणि पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरतात. जे औषध मला अजून कुणी लिहूनही दिलं नव्हतं, त्याची काळजी या बाईंनी आधीच करून ठेवली होती. इतकं कशाला, असं तेव्हा मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू.

डिस्चार्जच्या आधी त्यांनी घेतलेली शिकवणी ही शिकवणी कमी आणि तोंडी परीक्षा जास्त होती. एका ट्रेमध्ये सगळ्या गोळ्या पाकिटातून काढून ओतल्या आणि आठवड्याचा डबा समोर ठेवला. "भरा." मी एकेक खण भरत होतो आणि त्या मध्येच बोट ठेवून विचारायच्या, ही कोणती, कशासाठी, चुकली तर काय करायचं? टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही तीन किडनी टिकवणारी. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) नावाच्या विषाणूसाठी, को-ट्रायमॉक्सेझोल न्यूमोसिस्टिस नावाच्या फुप्फुसाच्या संसर्गासाठी. ही दोन संरक्षणाची. किडनीचं काम जसं बदलेल तसा त्यांचा डोस बदलणार आणि काही महिन्यांनी ती बंद होणार. पहिली तीन मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक दिवसही थांबवायची नाहीत. डोस चुकला म्हणून पुढच्या वेळी दुप्पट घ्यायचा नाही. हे मला पाठ होईपर्यंत त्यांनी सोडलं नाही, आणि नंतर माझ्या बायकोची वेगळी परीक्षा घेतली.

पहिले काही महिने आमचं सगळं वेळापत्रक टॅक्रोच्या, म्हणजे टॅक्रोलिमसच्या, रक्तातल्या लेव्हलभोवती फिरत होतं. सकाळी नऊ, रात्री नऊ, मध्ये बारा तासांचं अंतर. रक्त द्यायच्या दिवशी सकाळची गोळी खिशात ठेवायची आणि रक्त दिल्यावरच घ्यायची. कारण मोजायची असते ती पुढच्या डोसच्या अगदी आधीची, म्हणजे सगळ्यात खालची पातळी. गोळी घेऊन गेलं तर आकडा फुगून येतो, त्यावरून डोस कमी केला जातो आणि शरीराला नवी किडनी परकी वाटायला लागते. म्हणून मॅडमनी सवयच लावली होती की लॅबच्या कागदावर आदल्या रात्रीच्या डोसची वेळ स्वतःच्या हाताने लिहायची. टॅक्रोमुळे तेव्हा माझा हात इतका थरथरायचा की तो आकडा वाचता येत नसे. तो थरथराट पाहूनच त्या म्हणायच्या, "आज लेव्हल वर असणार." बहुतेक वेळा असायचीच.

शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांचं वजन माझ्याइतकंच होतं, पण त्यांना माझ्या जवळजवळ दुप्पट टॅक्रो लागायचं. मला वाटलं त्यांची किडनी नाखूष असावी. तसं नव्हतं. काही लोकांच्या शरीरात हे औषध जोमाने मोडणारं एक एन्झाइम जन्मतःच असतं, त्यांना तेवढीच पातळी गाठायला जास्त डोस लागतो. त्यामुळे दुसऱ्याच्या डोसशी आपला डोस ताडून बघण्यात अर्थ नाही. वेटिंग रूममध्ये मात्र सगळे नेमकं तेच करत असतात.

मग तोंडात पांढरे चट्टे आले, बुरशीचे. फ्लुकोनॅझोल सुरू झालं. टॅक्रोलिमस आतड्यात आणि यकृतात ज्या एन्झाइमने मोडतं, त्यालाच फ्लुकोनॅझोल अडवतं, त्यामुळे लेव्हल चढते. मॅडमनी नेफ्रॉलॉजिस्टना सांगून त्याच दिवशी टॅक्रोचा डोस खाली आणवला आणि दोन-तीन दिवसांत लेव्हल करायला लावली. इथपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं. मला जे सुचलं नसतं ते पुढचं. फ्लुकोनॅझोलचा कोर्स संपला त्या दिवशी त्यांचा फोन आला: "आता डोस परत वर न्यायचाय, आणि पुन्हा लेव्हल." अडवणारं औषध गेलं की एन्झाइम मोकळं होतं आणि लेव्हल घसरते. नवीन गोळी सुरू झाली की सगळे सावध असतात. संपलेल्या गोळीकडे कुणाचं लक्ष नसतं. मला विचाराल तर या एका फोनसाठी युनिटमध्ये असा माणूस हवा.

खरा धक्का खोकल्याने दिला. सुट्टीचा दिवस होता, ताप होता, म्हणून जवळच्या एका डॉक्टरांकडे गेलो. प्रत्यारोपणाबद्दल सांगितलं, त्यांनी ऐकलंही, आणि क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं. गोळीची पट्टी हातात धरून मी मॅडमना फोन लावला. पलीकडून एकच प्रश्न: "घेतली का?" नव्हती घेतली. क्लॅरिथ्रोमायसिन तेच एन्झाइम फ्लुकोनॅझोलपेक्षा जास्त जोरात अडवतं. काही दिवसांतच टॅक्रोची पातळी विषारी होऊ शकते. आणि चढलेलं टॅक्रो किडनीच्या रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे जे औषध किडनी वाचवायला घ्यायचं तेच तिला मारायला लागतं. मॅडमनी नेफ्रॉलॉजिस्टशी बोलून त्याऐवजी अझिथ्रोमायसिन सुचवलं, ते या एन्झाइमच्या फारसं वाटेला जात नाही. ताप असल्याने दुसऱ्या दिवशी मला तपासायला बोलावलंही. त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. खोकल्याचं औषध त्यांनी खोकल्यासाठीच दिलं होतं. पण प्रत्येक डॉक्टर आपापल्या गोळीकडे बघतो, आणि त्या सगळ्या गोळ्या शेवटी एकाच पोटात जातात.

उलट बाजूही आहेच. क्षयरोगाचं रिफॅम्पिसिन, फिटसाठीची फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिन ही औषधं त्या एन्झाइमचा जोर वाढवतात, लेव्हल पार तळाला जाते आणि शरीर किडनी नाकारायला मोकळं होतं. ग्रेपफ्रूट मात्र लेव्हल चढवणाऱ्यांतलं, ते कायमचं बंद.

जुलाब लागले तेव्हा मी समजत होतो की औषध वाहून जाणार आणि लेव्हल पडणार. प्रत्यक्षात ती वर गेली. आतड्याच्या आतल्या थरात टॅक्रो मोडणारी आणि परत ढकलून देणारी जी व्यवस्था असते, ती जुलाबात ढिली पडते आणि नेहमीपेक्षा जास्त औषध रक्तात शिरतं. त्यात अंगातलं पाणी कमी झालेलं, म्हणजे क्रिएटिनिनही, किडनी कशी चालते हे दाखवणारा रक्तातला आकडा, वाढणार. त्यामुळे आमच्या घरी आता जुलाब म्हणजे आधी फोन.

आणखी एक, कारण हे बऱ्याच जणांच्या बाबतीत घडतं. टॅक्रोलिमस दिवसातून दोनदा घ्यायचंही मिळतं आणि एकदाच घ्यायचं, हळूहळू विरघळणारंही. नाव तेच, आकडा तोच, पण एकाच्या जागी दुसरं परस्पर घ्यायचं नाही. कंपनी बदलली तरी मॅडमना कळवायचं आणि लेव्हल करायची. माझ्या दुकानदाराला हा त्रागा वाटतो, आणि मला त्याची फिकीर नाही.

अशी व्यक्ती सगळ्याच युनिटमध्ये असते असं नाही. अमेरिकेत २००७ च्या केंद्रीय नियमांनी प्रत्यारोपणाच्या चमूत औषधशास्त्राचा जाणकार असणं बंधनकारक केलं. जिथे तशी सक्ती नाही, तिथे हे काम को-ऑर्डिनेटरवर किंवा स्वतः नेफ्रॉलॉजिस्टवर पडतं. कुणी प्रत्यारोपणाच्या तयारीत असेल तर मी आधी एवढंच विचारायला सांगतो: सुट्टीच्या दिवशी नवीन गोळी हातात पडली, तर फोन कुणाला करायचा?

व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर आता बंद झालंय, प्रेडनिसोलोन अगदी कमी उरलंय, हातही बऱ्यापैकी स्थिर आहे. पुढच्या भेटीत लसींचा विषय आहे. जिवंत विषाणूंच्या लशी मला चालत नाहीत, त्यामुळे कोणती कधी घ्यायची याचा तक्ता मॅडम करून ठेवणार आहेत. पिशवी घेऊन यायला सांगितलंय, तीही सगळी.