वाट्यावर कर्ज

मालवण तालुक्यातल्या एका बँक शाखेत मी कृषी अधिकारी होते, तेव्हाची गोष्ट. एकाच घरातून दोन अर्ज आले होते. वडिलांना जाळं आणि दोर यांसाठी किसान क्रेडिट कार्ड हवं होतं. मुलाला घरामागे पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधायला मुद्रा कर्ज हवं होतं. दोन्हींची पाहणी एका फेरीत उरकावी म्हणून दिवाळीनंतर एका सकाळी गेले, तर घराला कडी. शेजारीण म्हणाली, "रापण ओढतत, सगळी येळेर आसत." मग मी किनाऱ्यावर गेले.

रापण म्हणजे होडीतून समुद्रात अर्धगोल सोडलेलं शेकडो मीटर जाळं. त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात. दोन रांगा लागल्या होत्या. त्यांत म्हातारे होते, शाळा बुडवलेली पोरं होती आणि मोबाइल दुसऱ्याच्या हातात देऊन दोराला लटकलेलं एक पर्यटक कुटुंबही होतं. बऱ्याच वेळाने जाळं वर आलं. पेडवे, थोडे बांगडे, बाकी जेलीफिश. बांगड्याचे थवे किनाऱ्याला लागण्याआधीच पर्ससीनवाले, म्हणजे यांत्रिक बोटीतून अख्ख्या थव्याभोवती जाळं टाकणारे, उचलतात, ही इथली जुनी तक्रार. फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने बंदी घातली, तरी रात्री क्षितिजावर उजेड दिसतो असं प्रत्येक जण सांगत होता.

वाटे घालायला सुरुवात झाली. होडीचा वाटा, ज्याचं जाळं त्याचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा. नवरा गेलेल्या एका बाईच्या जाळ्याचा वाटा तिच्या टोपलीत न बोलता पडला. त्या पर्यटकांनाही पिशवीभर पेडवे मिळाले. ते नको नको म्हणत राहिले, पण दोराला हात लावला की द्यावंच लागतं.

मी तिथेच वाळूत वडिलांचा अर्ज उघडला. फेब्रुवारी २०१९ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने मच्छीमारांना हे कार्ड खुलं केलं. तेव्हा १ लाख ६० हजारांपर्यंत तारण लागत नव्हतं, वेळेत फेडलं तर व्याज ४ टक्के पडायचं. योजना चांगलीच आहे. मात्र समुद्रातल्या मासेमारीसाठी नोंदणी झालेली होडी स्वतःची किंवा भाड्याची असावी आणि परवाना असावा, अशी अट आहे.

"होडी कोणाच्या नावावर?" मी विचारलं.

"होडी संघाची. जाळां कोणा एकट्याचां नाय. तेच्यात माझे तुकडे आसत, तेचो वाटो गावता." मग जरा थांबून, "वाट्यार कर्ज गावता काय, मॅडम?"

गावत नाही. एकमेकांच्या कर्जाची हमी घेणारा संयुक्त देयता गट करता येतो, पण तो साधारण चार ते दहा जणांचा. रापणीला तर निम्मी वाडी लागते.

मुलाच्या अर्जातही अडचण होतीच. जमिनीच्या सातबाऱ्यावर चुलते, आत्या, मुंबईला गेलेले, वारलेले, सगळ्यांची नावं. कोकणात हे ठरलेलंच. पण सामाईक सातबाऱ्यासाठी आमच्याकडे संमतीपत्राचा छापील नमुना आहे. मुलाने मुंबईच्या काकांची सही आधीच आणून ठेवली होती. खोल्यांचं भाडं, हंगामाचे महिने, स्कूबावाल्याकडून येणारी गिऱ्हाइकं, सगळं त्याने नीट लिहून काढलं होतं. त्याचा अर्ज मंजुरीला गेला, वडिलांचा शेरा मारून परत आला.

पोरांना आता समुद्र नको झालाय, त्यांना एसी खोल्यांचा पैसा दिसतो, असं आमच्या बैठकांत सर्रास बोललं जातं. तो मुलगा त्या सकाळी दोराच्या रांगेत सगळ्यात पुढे होता. खोल्यांकडे वळणाऱ्याला कागद सापडतो, रापणीत राहणाऱ्याला सापडत नाही, हे त्या बैठकांत कोणी बोलल्याचं मला आठवत नाही.

निघताना त्याची आई टोपली भरून बाजाराच्या रिक्षेची वाट बघत होती. लिलावात ती माल उधारीवर उचलते आणि संध्याकाळी पैसे चुकते करते. लिखापढी काही नाही. बुडवलं तर दुसऱ्या दिवशी कोणी माल देणार नाही, एवढंच तारण. आठवड्याची उलाढाल तिने तोंडी सांगितली, तेव्हा आमच्या शाखेतले काही नियमित कर्जदार मला आठवले. दोन्ही अर्जांत तिचा उल्लेख 'गृहिणी' असा होता.

मासे विकणाऱ्या बायकांचा गट करता येईल, निदान चौघी लागतील, असं मी म्हटल्यावर तिने रिक्षात आधीच बसलेल्या दोघींना तिथूनच हाक मारली. त्या तयार झाल्या. चौथी म्हणून कोणीतरी तिच्या जावेचं नाव घेतलं.

"ती सोडून कोणय चलात," ती म्हणाली आणि टोपली रिक्षात चढवली.